रेडिएटरच्या पलीकडची टोपी

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या शिवारात हळद शिजायला लागते. वास आधी येतो, धूर मागून. ओल्या मातीचा, कडवट, थोडासा औषधी असा तो वास कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, अंथरुणात शिरतो. आता शेताशेतातल्या कढया गेल्या. चाकांवरचे बॉयलर येतात, बघता बघता ढिगाचे ढीग शिजवतात आणि पुढच्या शेताला निघून जातात. वासात मात्र काडीचा फरक पडलेला नाही.

परवा पुण्याहून भाची आली होती. अंगणात उभी राहून तिनं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "मावशी, काय सुंदर वास आहे गं." मी पदर नाकाला लावला आणि काहीतरी आणायचं निमित्त करून घरात गेले. तिला काय सांगणार? हा वास आला की मला एक रेडिएटर दिसतो. जुन्या ट्रकचा, निळा रंग उडालेला, माणसाच्या छातीइतका उंच. आणि त्याच्या पलीकडून वर येणारी एक पांढरी टोपी दिसते. ते पाहायचं नसतं म्हणून मी नाक दाबते.

हिंगोलीचा अजून जिल्हा झाला नव्हता, तेव्हाचा तो हंगाम. आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत, डांबरी सडक सोडून ओढा ओलांडला की लागणारं. गावानं हळद घ्यायला नुकती सुरुवात केली होती. कुदळीनं गड्डे खणायचे, माती झाडायची, कढईत शिजवायचे, खळ्यावर पसरून खडखडीत वाळवायचे, मग लोखंडी ढोलात घालून गरगर फिरवायचे, की हळकुंडं चकचकीत होऊन बाहेर पडायची. या सगळ्यात बाईच्या हातांचं जे होतं ते फक्त बाईलाच ठाऊक. आधी बोटं पिवळी होतात, मग तळवे, मग मनगटापर्यंत सगळं. भाकरीवर पिवळे ठसे उमटतात. लेकराचं तोंड पुसलं तर तेही पिवळं. हे मला चिडवायचे, "तुझं लगीन दरसाल लागतंय बघ." हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव उत्तम. तेव्हा ते तोंडातून काढायची सोय नव्हती, आता लिहायला तरी कुणाची हरकत नसावी.

मारोती हा यांचा धाकटा भाऊ, माझा दीर. नाक्यावरच्या एका गॅरेजात तो काही वर्षं कामाला होता. तिथून तो रिकाम्या हातानं घरी येत नसे. कधी स्प्रिंगचं पान, कधी गंजलेला गिअरबॉक्स, कधी टेम्पोचं स्टिअरिंग. सासूबाई म्हणायच्या की दुसऱ्यांची पोरं बाजारातून जिलबी आणतात, आमचं पोरगं लोखंड आणतं. गोठ्याच्या एका बाजूला हे भंगार साठत गेलं. मग त्या वर्षी जोडीतला एक बैल गेला. दुसरा एकटाच दावणीला रिकाम्या जागेकडं मान वळवून उभा राहायचा. नवी जोडी घेण्याचं बोलणं निघालं तेव्हा मारोती म्हणाला, "बैल नका घेऊ आबा. मी ट्रॅक्टर बनवून राहिलो."

आबा म्हणजे माझे सासरे. ते नुसते हसले. पण मारोती खरंच बनवत होता. विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून पाण्याचं जुनं डिझेल इंजिन धूळ खात पडलं होतं, ते त्यानं खोललं. जीपची चौकट कापून आखूड केली. मागं ट्रकचा ॲक्सल, त्यावर कुठल्यातरी ट्रॅक्टरची झिजलेली मोठी चाकं, पुढं टेम्पोची लहान चाकं. बसायला एसटीच्या भंगारातलं हिरवं सीट. आणि सगळ्यांत पुढं तो ट्रकचा रेडिएटर. सगळा हिवाळा गोठ्यातून वेल्डिंगचा निळा उजेड यायचा आणि उरलेला बैल बुजून दावं ताणायचा. मला त्या बैलाची फार दया यायची. त्याच्या जोडीदाराच्या जागी काय उभं राहतंय हे त्याला कोण सांगणार?

ट्रॉली जोडायचा हुक कुठं बसवायचा यावर बापलेकांचं बरंच चाललं. मारोतीच्या मनात तो खाली, ॲक्सलच्या जवळ होता. आबांनी काठी टेकवून जागा दाखवली, चांगली कमरेच्या वर. "बैल कशानं ओढतो? मानंनं का खुरानं? ओढ मानंच्या उंचीवर पाहिजे." मारोतीनं थोडा विचार केला आणि हुक वर बसवला. त्याला ते पटलं. यांना पटलं, मलाही पटलं, बघायला जमलेल्या अख्ख्या गावाला पटलं. सगळा जन्म बैलांत गेलेल्या माणसांना न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

गावानं त्याचं नाव खेचर ठेवलं. घोडा नाही आणि गाढवही नाही म्हणून. मारोतीला राग आला नाही. तो म्हणाला, खेचर वझ्याला चांगलं असतं.

पहिला नारळ नरसीला फोडायचा, असं आबांनी ठरवलं. नामदेव महाराजांच्या गावाला गेल्याशिवाय नवं जू कुणाच्या मानेवर ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. ट्रॉलीत निम्मं गाव बसलं. बायका, लेकरं, तांड्यावरची शेवंताबाई, जी दरसाल आमची हळद खणायला यायची आणि माझ्याशी बहिणीपेक्षा जास्त बोलायची. खेचर फटफट करत ओढ्यात उतरलं, पाण्यातून निघालं आणि पलीकडचा चढ चढायला लागलं. तिथं त्यानं पुढची चाकं उचलली. जमिनीपासून चांगली वीतभर. लेकरं खिदळली. मारोतीनं स्टिअरिंग फिरवलं तर चाकं हवेत नुसती इकडून तिकडं झाली. मग त्यानं इंजिन मंद केलं आणि नाक खाली टेकलं.

आबा ट्रॉलीतून शांतपणे म्हणाले, "उलाळ झालंय. पुढं माणूस बसवा."

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढची धुरी, म्हणजे दांड्यांचं जुवाकडचं टोक, वर उचलते आणि जू बैलांच्या गळ्याशी येतं. त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. त्यावरचा उपाय आमच्याकडं लेकरांनाही ठाऊक असतो. एकानं पुढं सरकून धुरीवर बसायचं. उतार लागला की त्यानंच मागं सरकायचं. गाडीवानाला त्यासाठी बोलावंही लागत नाही, कुणीतरी आपसूक सरकतं. त्या दिवशी हे सरकले. रेडिएटरच्या पुढं एक लोखंडी आडवी पट्टी होती, तिच्यावर जाऊन बसले, पाय खालच्या दांडीवर टेकवले, टोपी नीट केली आणि हात वर करून म्हणाले, "चल." यांचा देह भरलेला होता. खेचर मुकाट्यानं चढ चढलं. सगळ्यांनी महाराजांचा जयजयकार केला.

येताना मी यांना म्हणाले, "माणूस काहून पाहिजे? एखादा मोठा दगूड बांधून टाका ना पुढं."

उत्तर मारोतीनं दिलं. "वहिनी, दगडाला उतर म्हणता येतं का? चढाला बस, उताराला उतर, हे माणसालाच कळतं. दगूड उताराला पुढंच ढकलत ऱ्हाईल."

"हिला माझी बराबरी दगडाशी करायची हाय," हे म्हणाले, आणि ट्रॉलीतल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण घर येईपर्यंत त्या पट्टीकडंच बघत राहिले.

मग हंगाम लागला. हळद शिजू लागली आणि खेचराच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून हिंगोलीच्या मोंढ्यात, बाजारात. आधी आमची हळद, मग भावकीची, मग ज्यांच्या गाड्या अडल्या त्यांची. मारोतीला गावात नाव मिळालं. ज्यांनी खेचर म्हणून हिणवलं होतं तेच सकाळी दारात येऊन "मारोती हाय का घरी?" विचारू लागले. दर फेरीला पुढं हे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बसवा, गावात काय माणसांचा दुष्काळ पडलाय? हे म्हणाले, "दुसऱ्याचं लेकरू बसवायचं का तिथं? आपली गाडी, आपलं माणूस." त्यात चुकीचं काय होतं? बैलगाडीतही धुरीवर घरचंच माणूस बसतं. पण त्या हंगामात देवाकडं माझं दुसरं काही मागणं नव्हतं. पीक बरं येऊ दे म्हणाले नाही, भाव चांगला मिळू दे म्हणाले नाही. यांनी त्या नाकावर बसू नये, एवढंच मी मागत होते.

मोंढ्याला जायचं असलं की मी कधीकधी पोत्यांवर बसून सोबत जायची. वरून मला मारोतीची पाठ दिसायची, त्याच्या पुढं धूर ओकणारं इंजिन, आणि त्याच्याही पुढं तो रेडिएटर. हे त्याच्या आड असायचे, दिसायचे नाहीत. रस्ता सरळ असला तर नुसता रेडिएटर. पण चढ आला, नाक थोडं जरी उचललं, की त्याच्या वरच्या कडेला पांढरी टोपी उगवायची. टोपी दिसली की माझा जीव खाली-वर व्हायचा. नाक टेकलं की टोपी मावळायची आणि मी श्वास सोडायची. शेवंताबाईच्या ते लक्षात आलं होतं. ती म्हणायची, "बाई, तू रस्ता बघतच न्हाईस." खरंच बघत नव्हते. कनेरगाव ते हिंगोली रस्त्यावर त्या वर्षी पळस फुलला होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

आजही मी हळदीच्या दिवसांत मोंढ्यात जाते. ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असतात, हवेत पिवळी धूळ तरंगत असते, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. आवाज, गाणी, शिव्या. मी त्या रांगेच्या बाजूनं चालते आणि नकळत प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुढं बघत जाते. कुणी बसलेलं नसतं. माहीत असतं, तरी बघते.

शेवटची फेरी पाडव्याच्या तोंडावरची. ढोलातून काढलेली, सोन्यासारखी हळद पोत्यांत भरली होती. गुढीला साखरेच्या गाठी आणायच्या म्हणून मी आणि शेवंताबाई पोत्यांवर चढलो. सकाळची वेळ. ऊन अजून कोवळं होतं. बालाजी, माझा मुलगा, तेव्हा लहान होता. त्याला आजीजवळ ठेवला म्हणून तो रडत होता. हे त्याला म्हणाले, "रडू नको, तुला रंगीत गाठी आणतो." मग पुढं जाऊन पट्टीवर बसले.

ओढ्याला पाणी नव्हतं, नुसती वाळू होती. खेचर वाळूतून निघालं आणि चढाला लागलं. इतर वेळेपेक्षा पोती जास्त होती. अर्ध्या चढावर टोपी वर आली. नुसती टोपी नाही, कपाळ आलं, डोळे आले. इतके वर ते कधीच आले नव्हते. त्यांनी पट्टी धरून मान वळवली आणि रेडिएटरच्या वरून माझ्याकडं पाहिलं आणि हसले. घाबरू नको म्हणून हसले की त्यांनाच मजा वाटली, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. खेचर तसंच नाक वर करून चढाच्या माथ्यावर आलं. मारोतीनं क्लच दाबला. नाक खाली आलं ते आपटलंच. टोपी दिसेनाशी झाली.

मी श्वास सोडला. टोपी दिसली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझ्या जिवाला सवय लागली होती. मग क्लचवरून मारोतीचा पाय निसटला, खेचर हिसका देऊन पुढं गेलं आणि पुढचं चाक कशावर तरी चढून उतरलं. पोती हलली. शेवंताबाईनं तिचे दोन्ही पिवळे हात माझ्या डोळ्यांवर दाबून धरले. मला तिच्या तळहातांचा वास आला. तोच हा वास.

नाक्यावरून जीप आणली. हिंगोलीला पोचायच्या आतच हे गेले. मारोती जीपमध्ये यांचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. तो रडत नव्हता, नुसता "दादा, उतर म्हणायचं व्हतं मी, उतर म्हणायचं व्हतं" असं म्हणत राहिला.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. हात आठवतात. भावकीतल्या बायका जमल्या, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. जे जे सवाष्णीचं असतं ते सगळं उतरवलं. आणि मग सगळ्या माझ्या हातांकडं बघायला लागल्या. सगळ्या हंगामाची हळद मनगटापर्यंत चढलेली होती. एकीनं राख आणली, एकीनं लिंबू, एकीनं रॉकेलचा बोळा. दोघी दोन हात धरून घासत बसल्या. कातडी लाल झाली, पण पिवळेपणा तसाच. विधवेच्या अंगाला हळद नको, आणि ती तर निघेना. दाराशी शेवंताबाई उभी होती. ती आत येत नव्हती, पण तिथूनच म्हणाली, "ते कामाचं हाय, कपाळाचं न्हाई. नका घासू तिला." बायका थांबल्या. मी तिची ऋणी आहे. नखांतली हळद नखं वाढत गेली तशी पुढं सरकत गेली आणि कधीतरी पावसाळ्यात कापून टाकली.

ती पोती तिथंच ओढ्यावर पडून होती. मग कुणाच्या तरी बैलगाडीतून ती मोंढ्यात गेली आणि विकली गेली. चांगली हळद होती. कुठंतरी कुणाच्या लग्नात नवरा-नवरीच्या अंगाला लागली असेल. मला हे सुचायला नको होतं, पण सुचलं आणि राहिलं.

मारोतीनं खेचर गोठ्यात आणून खोललं. जसं जोडलं होतं तसंच, एकेक नट काढून, घाई न करता. भंगारवाला येऊन घेऊन गेला. त्या बैलाचीही आम्ही सोय लावून दिली. आबा दिवसभर ओसरीवर बसून राहायचे आणि कधीतरी विचारायचे, "मारोती, हुक खाली पाहिजे व्हता का रे? मग नाक उचललं नसतं?" मारोती दर वेळी म्हणायचा, "न्हाई आबा, तसं काय न्हाई." आबा गेले त्या आठवड्यातही त्यांनी हे विचारलं आणि मारोतीनं तेच उत्तर दिलं. खोटं बोलणं इतक्या मायेचं असू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मला राग होता. मारोतीवर, आबांवर, जयजयकार करणाऱ्या ट्रॉलीभर लोकांवर, आणि सगळ्यांत जास्त यांच्यावर. हसायचं कशाला? मारोतीला मी ताट वाढत होते, त्याचे कपडे धूत होते, त्याच्याशी बोलत मात्र नव्हते. त्यानं लग्न केलं नाही. बालाजीला कडेवर घेऊन शाळेत पोचवायचा, पुढं सायकल शिकवली, पण इंजिनाला हात लावू दिला नाही. आम्ही दोघं एका घरात राहत होतो आणि एक विषय सोडून सगळ्यावर हळूहळू बोलू लागलो होतो.

मग बालाजी मोठा झाला आणि त्यानं ट्रॅक्टर आणला. कंपनीचा, पण दुसऱ्यानं वापरलेला. हिंगोलीहून एक ड्रायव्हर तो दारात सोडायला आला. तेही हळदीचेच दिवस. शेजारच्या खळ्यावर कढई उकळत होती. मी चूल सोडून बाहेर आले. मारोती ट्रॅक्टरभोवती फिरत होता. मागं वाकून त्यानं हुक बघितला. गुडघ्याच्याही खाली होता. मग तो पुढं आला आणि थांबला. ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडाच्या जाड पाट्या एकीला लागून एक अशा अडकवलेल्या होत्या.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"उलाळू नये म्हणून, काका," ड्रायव्हर म्हणाला. वयानं बालाजीएवढाच होता. "मागं वझं आलं की पुढून दाब पाहिजे."

"किती भरतात?"

"सगळ्या मिळून? एका माणसाएवढ्या."

मी ओट्याच्या खांबाला धरलं. मारोतीनं एकेक पाटी बोटानं मोजली. मग त्यानं हळूच विचारलं, "अन् उताराला? उताराला काढाव्या लागत असतील."

ड्रायव्हर हसला. "उताराला काहून काढायच्या? असू द्यायच्या तशाच. त्यांचं काय बिघडतं?"

तो चहा न घेताच गेला. बालाजी त्याला सोडायला नाक्यापर्यंत गेला. अंगणात मी, मारोती आणि तो ट्रॅक्टर. मारोती नाकासमोर उकिडवा बसला होता. एक हात पाट्यांवर ठेवलेला, जसा बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यानं माझ्याकडं वर पाहिलं नाही.

"दगूड चालला असता, वहिनी," तो म्हणाला.

खरं ठरल्याचं इतकं दुःख मला जन्मात कधी झालं नाही. शेजारून वाफ येत होती, अंगणभर तो वास पसरला होता. मी खाली उतरले, पदरानं त्या पाट्यांवरची धूळ पुसली. माझ्या पिवळ्या बोटांचे ठसे त्यांच्यावर उमटले ते तसेच राहू दिले आणि म्हणाले, "उठा भावजी. बाजूच्यांना कढई उतरवायला माणूस पाहिजे."